भरतीची अक्षरं

हेमांगी उपळेकर कर्नलमध्ये उतरली तेव्हा तिचे वडील तिथे टेबलाशी बसलेले होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. टेबलावर झिजलेल्या पेन्सिलींची थोटकं ओळीने मांडली होती. ती पाहता या चार वर्षांत त्यांनी एकही खाडा केला नव्हता हे उघड होतं.

कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. वर माणसं पडद्यावर बोटं फिरवतात आणि काम खाली होतं. या गाभ्यासाठी प्रोग्राम लिहिण्यात हेमांगीची बारा वर्षं गेली होती, पण तिथे उतरणारा जिना तिने आज पहिल्यांदा पाहिला. तो सर्व्हर-रूमच्या मागे, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी होता. बावीस पायऱ्या. खाली लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना बाकं आणि बाकांवर माणसं. प्रत्येकाच्या हातात एक कागद. ही माणसं समोरून नीट दिसत. कुणी बाजूला वळलं की कागदाच्या कडेएवढंच उरे.

दालनाच्या टोकाला अप्पा होते.

"आलीस?" ते म्हणाले. मान वर केली नाही. "कर्नलसाहेब अजून आले नाहीत. तपासणीला येतील म्हणून सकाळपासून टेबल आवरून बसलोय."

हेमांगीला नोकरी लागली तेव्हा अप्पांनी गल्लीभर सांगितलं होतं, मुलगी कर्नलकडे कामाला आहे. शेजारच्या दाणींनी रेजिमेंट कोणती म्हणून विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले होते की ते गुप्त असतं. हेमांगीने दोनदा समजावून सांगितलं आणि मग सोडून दिलं.

"साहेब नाही येणार, अप्पा. मीच आलेय."

"तू? म्हणजे बढती मिळाली म्हणायची. बस. हा कागद संपवतो."

अप्पांनी एकतीस वर्षं तारऑफिसात काढली होती. इथलं काम त्यांना नवीन नव्हतं. बाकावरच्या माणसाने कागद पुढे करायचा. त्यावरचा मजकूर अप्पा चौकटीच्या कागदावर उतरवत, एका रांगेत सोळा घरं, एका घरात एक अक्षर. मग खिशातली चिठ्ठी काढत. तिच्यावर बत्तीस अक्षरं होती, ती किल्ली. तिच्याप्रमाणे अक्षरांची अदलाबदल करायची, एकदा नव्हे, चौदा वेळा. शेवटी जे उरे ते किल्लीशिवाय कुणालाही वाचता येत नसे. माणूस तो बंद झालेला मजकूर घेऊन दुसऱ्या दाराने जाई.

"एका रांगेला किती वेळ लागतो?" हेमांगीने विचारलं.

"घाई केली तर पाव तास. पण घाई कशाला करायची?"

सगळ्यात पुढच्या बाकावर एक बाई होती. तिच्या कागदावर चार दिवसांच्या बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट होता. तो दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे बंद होऊन जायचा होता. ती सकाळी आठला आली होती आणि आता साडेअकरा झाले होते. मागे नवा माणूस आला की एक बाक वाढे आणि बाकापुरतं दालन लांबे. हेमांगी उतरली तो जिना आता काडीएवढा दिसत होता.

तिच्या पर्समध्ये कार्ड होतं. तळहाताएवढं, हिरवं, वर एक धातूची पट्टी. अप्पा करत होते तेच काम ते करायचं, सेकंदाला लाखो रांगा. आज ते गाभ्यात बसवून चालू करायचं होतं.

नोंदणीची खिडकी अप्पांच्या डाव्या हाताला होती. आत तारळेकर नावाचा कारकून चष्मा कपाळावर चढवून बसला होता.

"एकाच कामाला दोन नावं लावायची? लावा की," तो म्हणाला. "ज्याचा आकडा मोठा त्याला काम, एवढाच इथला नियम. उपळेकरांचा आकडा शंभर. तुमच्या कार्डाचा?"

"चारशे."

तारळेकरने शीळ घातली. "उपळेकर, ऐकलंत का? आता पाय लांब करून बसा."

"बसायला काय, बसतो," अप्पा म्हणाले. "तू आधी चष्मा डोळ्यांवर घे, म्हणजे चाळीसचे चारशे होणार नाहीत."

"शंभरवाल्याचं पुढे काय होतं?" हेमांगीने हळू आवाजात विचारलं.

"राखीव राहतो. कार्ड बिघडलं तर बोलावू. बिघडतं का तुमचं कार्ड?"

"नाही."

"मग नाही बोलावणार. बसून राहतील, दिसतील, पण त्यांच्यापर्यंत काही पोचणार नाही. ते तरी बरं. चाचणीत जो चुकतो त्याचं नाव मी खोडतो. नाव खोडलं की तो इथे कधी नव्हताच."

"चाचणी कार्डाची असते ना?"

"दोघांची. या कामाला नाव दोघांचंही लागलंय."

जिन्यातून घैसासांचा आवाज उतरला. ते तिचे वरचे साहेब. "हेमांगी, तीनपर्यंत होईल ना?"

"होईल, सर."

कार्डाची खाच भिंतीत, अप्पांच्या कोपराजवळच होती. अप्पांनी फुंकर मारून तिच्यातली धूळ काढली. "दे, मी धरतो," म्हणाले, आणि तिचं प्रगतिपुस्तक धरायचे तसं त्यांनी कार्ड कडांना धरलं. हेमांगीने त्याला जागा नेमून दिली, घंटा जोडली. काम झालं की कार्ड घंटा वाजवणार होतं. त्याच्या हातात कागद द्यावा लागत नाही, हे तिने अप्पांना सांगितलं. कागद जिथे असेल तिथून ते उचलतं आणि बंद करून तिथेच ठेवतं.

"म्हणजे रांगेत कुणी बसायला नको," अप्पा म्हणाले. "चांगलं आहे. त्या बाईंचे पाय सुजलेत."

चाचणीत ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असाच प्रश्न विचारतात. तारळेकरने जाड वही उघडली. वाक्य होतं, 'पूल वाहून गेला'. शेजारच्या पानावर चाचणीपुरती किल्ली आणि त्याचं बंद झालेलं उत्तर होतं. वाक्य वाचून संपायच्या आधीच घंटा वाजली. कार्डाचं उत्तर सोळाही अक्षरांत जुळलं. त्याबरोबर मागची काही रिकामी बाकं मिटली आणि मागची भिंत तेवढी पुढे आली.

मग अप्पांची पाळी. त्यांना सतरा मिनिटं लागली. तारळेकरने उत्तर वहीशी लावून पाहिलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिलं.

"एकही अक्षर जुळत नाही, मॅडम."

हेमांगीने अप्पांचा कच्चा कागद ओढून घेतला. पहिली सात घरं बरोबर होती: पू, ल, वा, हू, न, गे, ला. उरलेल्या नऊ घरांत शून्यं हवी होती. मजकूर कमी पडला की शून्यांनी रांग पुरी करायची, त्याला भरती म्हणतात. अप्पांनी त्या नऊ घरांत लिहिलं होतं: हेमांगी जेवलीस का गं.

"अप्पा, हे काय आहे?"

"भरती."

"भरतीत शून्य घालतात."

"माहीत आहे. उघडणारा भरती न वाचताच पुसतो, तेही माहीत आहे. मग कुणाचं काय बिघडलं? रिकामी जागा कशी पाठवायची, तूच सांग."

"प्रत्येक कागदात हेच?"

"जागा असेल तसं. पाच घरं असली की नुसतं जेवलीस का. दोन असली तर हेमा."

"आणि एकच असलं तर?"

अप्पांनी थोडा विचार केला. "तर गं."

चार वर्षांतले सगळे कागद तिच्या टेबलाखालून गेले होते. वर ती डबा उघडायचं विसरायची आणि संध्याकाळी तसाच घरी न्यायची.

"एकदा संधी मिळते," तारळेकर म्हणाला. "दुसऱ्यांदा चुकलं तर खोडतो. मी वाईट माणूस नाही, मॅडम. वहीत असंच आहे."

वही तिच्यासमोर उघडी होती. लाकडी खिडकीच्या कठड्यावर पेन होतं. वहीतलं उत्तर बदलून अप्पांचं लिहिलं असतं तर अप्पा बरोबर ठरले असते आणि कार्ड चूक. तिने पेन उचललं.

"ताई," बाकावरची बाई म्हणाली, "माझं आज होईल ना हो? डॉक्टर चारला निघतात."

हेमांगीने पेन खाली ठेवलं. "होईल."

मग ती अप्पांच्या टेबलापाशी बसली. "शून्य घाला, अप्पा."

"किती?"

"नऊ."

अप्पांनी नवा कागद घेतला. सात अक्षरं त्यांनी नेहमीच्या वेगाने लिहिली. पहिल्या शून्याला सर्वांत जास्त वेळ लागला. पाचव्यानंतर त्यांनी पेन्सिल उचलली आणि कागदाकडे बघतच विचारलं, "पण तू जेवली आहेस ना?"

"हो," ती खोटं बोलली.

"मग हरकत नाही." त्यांनी उरलेली चार काढली. मग चौदा फेऱ्या केल्या, एकही न चुकता. तारळेकरने सोळा अक्षरं जुळवली, शिक्का मारला आणि खिडकीची फळी ओढून घेतली.

रोजच्या कामाची किल्ली तेवढी कार्डाला द्यायची राहिली होती. अप्पांनी चिठ्ठी खिशातून काढली, तिची घडी सरळ केली आणि एकदा शेवटची वाचायला म्हणून डोळ्यांजवळ नेली. ती त्यांच्या बोटांतून कार्डाने उचलली. त्यांची बोटं तशीच राहिली.

घंटा वाजू लागली आणि मग थांबलीच नाही. बाकांवरचे कागद हातातल्या हातात बंद होऊ लागले. बाई उठली, अप्पांना नमस्कार करावा की नाही या विचारात क्षणभर थांबली, आणि बाजूला वळताच कडेएवढी होऊन दारातून गेली. एकेक बाक मिटत गेलं. दालनाची खोली झाली, खोलीचा बोळ. तीनला वीस मिनिटं कमी असताना मागची भिंत हेमांगीच्या पाठीला टेकली. आता तिथे ती होती, टेबल होतं, आणि टेबलापलीकडे अप्पा.

अप्पांनी पेन्सिलीला टोक काढलं. कोरा कागद समोर घेऊन ते पुढच्या माणसाची वाट बघू लागले. बघत होते तिच्याकडेच, पण समोर कुणी नसल्यासारखे.

तिने पर्समधली वही काढली आणि त्यांना काम म्हणून, भरतीला पाच घरं उरतील अशी एक ओळ लिहिली: 'आईला विचारून कळवते'. शेवटची मात्रा पुरी व्हायच्या आत घंटा वाजली आणि ओळ बंद झाली. दुसरी ओळ तिने तळहातावर लिहिली. तीही बंद झाली. हातावर काय आहे ते तिला वाचता येईना. तिसऱ्या वेळी तिने फक्त मनात शब्द जुळवले. घंटा वाजली, आणि काय म्हणायचं होतं ते तिला आठवलं नाही.

मग तिने त्यांना हाक मारली.

तिच्या तोंडून सोळा अक्षरं बाहेर पडली, सारख्या अंतराने, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेली. अप्पांची मान एका बाजूला कलली. तारेवर लांबून काही येत असलं की ती अशीच कलायची. त्यांनी झरझर घरं आखली आणि सोळाही अक्षरं टिपून घेतली, सुवाच्य, एकही न गाळता. सवयीने हात खिशाकडे गेला, आत चाचपून रिकामा परत आला. अप्पांनी पुढच्या रांगेच्या पहिल्या, सतराव्या घरावर पेन्सिल टेकवली आणि हेमांगीच्या ओठांकडे पाहिलं.