तीन नट

टक्. चुलीजवळच्या तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं, आणि रात्रीपासून मुक्या असलेल्या घरात तेवढा एक आवाज झाला. चंद्रकांतानं वाटीत तेल ओतलं. मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल. रेशनच्या दुकानात घासलेट दोन आठवडे आलं नव्हतं, आणि गंजल्या लोखंडाला काहीतरी पाजायला तर हवंच होतं.

गोधडीतून सासूनं, धुरपताबाईनं, डोकं बाहेर काढलं.

"पुन्हा त्या गाडीकडं चालली का वो?"

"हो माय."

"मरू दे ना तिले. उद्या भैय्यालाल येईन, घेऊन जाईन. डोळ्यासमोरून गेली का सुटलो."

चंद्रकांता वाटी घेऊन मागच्या सांदवाडीत गेली. तिथं मोहाच्या झाडाखाली ती उभी होती, चोपन्न सालची काळी मोटार. टेकचंद, तिचा नवरा, एकोडीहून साकोली, अड्याळ, कधी भंडाऱ्यापर्यंत ती भाड्यानं चालवायचा. मार्गशीर्षात वऱ्हाड घेऊन अड्याळला गेला. रात्री मांडवात निजायला जागा नव्हती, म्हणून गाडीतच पडला. थंडी मोठी होती. काचा वर चढवल्या, ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलं. इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप जिथं जोडलेला असतो, तो सांधा फुटला होता, आणि धूर पायाशी असलेल्या भोकांतून आत यायचा. सकाळी लोक उठवायला गेले तेव्हा इंजिन चालूच होतं.

गाव म्हणालं, पिऊन निजला असेल. तो पीत नव्हता. चंद्रकांतानं कुणाला समजावलं नाही, आणि ती रडलीही नाही. बायका येऊन बसायच्या, पाठीवर हात फिरवायच्या, थोडी वाट पाहायच्या आणि उठून जायच्या. पौष लागला. ती भात शिजवत होती, मंगलाची वेणी घालत होती, विहिरीवर जात होती. चिमटा काढला तरी कळू नये असं सगळं अंग झालं होतं.

मग गोंदियाचा भैय्यालाल गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला आला. टेकचंदच्या ओळखीचा, बोलका माणूस. तिनं त्याला तो सांधा दाखवला.

"अरे, हे काय मोठं काम हाय वहिनी! तार गुंडाळतो, वरून माती थापतो. लेकरं-बायको घेऊन उद्याच्या उद्या नागपूर. एवढ्याशा धुरानं काय होते?"

बोलला आणि त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली. पण पुढचं बोलणं त्यानं बदललं, मत बदललं नाही. चार लेकरं होती त्याला. थंडीचे दिवस, काचा वर. चंद्रकांताच्या बधिर अंगात कुठंतरी एक मुंगी चावली.

"सांधा पक्का झाल्याबिगर गाडी वाडीच्या बाहेर जाणार नाई भाऊ," ती म्हणाली. दीड महिन्यातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं ते.

"कोण करन? साकोलीचा मिस्त्री तं छेनी मारून तोडूनच टाकन."

"मी करतो," ती म्हणाली.

सांध्याला तीन नट होते. आतल्या गंजानं बोल्टाशी एकजीव झालेले. जोर केला तर नट नाही, बोल्टच मोडतो, त्याचं बुड आत राहतं, आणि मग खरंच तार आणि माती एवढंच उरतं. हे तिला माहीत होतं. सात वर्षं ती टेकचंदच्या शेजारी उकिडवी बसून नट खोलायचे पाने हातात देत आली होती. काम करताना तो बडबडायचा, दुसरं कुणी ऐकणारं नसलं की जास्तच. "आधी घासायचं. मंग हळू ठोकायचं, दारावर पाहुणा ठोकते तसं. मंग तेल. मंग घरी जाऊन झोपायचं."

तिनं तसंच केलं. विटेच्या तुकड्यानं गंज घासला, लहान हातोडीनं ठोकलं, आणि तीन दिवस पहाटेच्या अंधारात तेल सोडून वर पोतं झाकलं. आज चौथा.

भैय्यालाल एक दिवस आधीच उगवला. बॉनेट उघडून वाकला आणि हसायलाच लागला.

"वहिनी! पाहा तं खरं. गाडीले तूप वाढून राहिल्या का तुम्ही?"

तिन्ही नटांवर पांढरं, घट्ट तेल बसलं होतं. लग्नातल्या लाडवावर तुपाची साय धरावी तसं. टोरीचं तेल थंडीत गोठतं हे एकोडीतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. म्हणून तर डबा चुलीच्या कडेला ठेवतात. डबा उबेला होता, लोखंड नव्हतं. तीन दिवस तेल आत उतरलंच नव्हतं, वरच थिजून बसलं होतं.

आपण मूर्ख ठरलो याचंही तिला काही वाटलं नाही. ती घरात गेली आणि पळीत निखारे घेऊन आली. दुसऱ्या हातात चुलीची फुंकणी. पेट्रोलची नळी तिनं पहिल्याच दिवशी सोडून लांब बांधली होती, तरी भैय्यालाल चार पावलं मागं सरला.

पहिल्या नटाखाली पळी धरून तिनं फुंकणीनं फुंकलं. तेल पाघळलं, तडतडलं, कडू धूर निघाला, आणि लोखंड निवत गेलं तसं ते फटीत ओढलं गेलं. तिनं पाना लावला. सोडवायच्या बाजूनं नाही, आधी आवळायच्या बाजूनं, केसभर. मग उलट, केसभर. पुन्हा आवळ, पुन्हा उलट. करर्र असा बारीक आवाज झाला आणि नट फिरला. दुसऱ्यालाही तेच. दुपार झाली.

तिसरा मात्र वेगळा निघाला. पाना फिरला, पण मऊ. ओलं फडकं पिळावं तसा. तिचा हात जागच्या जागी थांबला. मऊ लागलं म्हणजे नट सुटत नाही, बोल्ट पिळतोय.

"चालला ना! लावा जोर!" भैय्यालालनं हातभर लोखंडी नळी उचलली. "हटा वहिनी, पान्यावर हे चढवतो. एका झटक्यात मोकळा."

"नाई."

"सूर्य चालला ना!"

"चालू द्या. हात नोका लावू भाऊ."

तिनं पाना उलटा नेऊन होता तिथं आणला आणि काढून घेतला. पळीतले निखारे राख झाले होते. ती मडगार्डला टेकून बसून राहिली. घरातून पावलं आली. धुरपताबाई दीड महिन्यात पहिल्यांदाच सांदवाडीत उतरली होती. हातात खापर, खापरात लाल निखारे. गाडीकडं तिनं पाहिलं नाही.

"घे इस्तो," ती म्हणाली. "निवायच्या आत घे."

तापवणं, तेल, थांबणं. पुन्हा तापवणं. चार वेळा. भैय्यालाल बिडी पेटवायला लांब गेला तो परत येऊन बाजूला उभा राहिला. पाचव्यांदा तिनं पाना लावला, केसभर आवळला, केसभर सोडला. टक्क. कोरडा, स्पष्ट आवाज. या खेपेला मऊपणा नव्हता. नट फिरू लागला आणि बोल्टाच्या सगळ्या आट्यांवरून तांबडा भुगा सांडत तिच्या तळहातावर आला. बोल्ट शाबूत होता.

"मानलं बापा," भैय्यालाल हळू म्हणाला.

नवी पॅकिंग अवजारांच्या पेटीत कागदात गुंडाळलेली होती, सोबत तीन पितळी नट. पितळेला गंज धरत नाही. टेकचंदनं ते दिवाळीआधीच नागपूरहून आणले होते. चार दिवस गाडी उभी ठेवावी लागेल, तो म्हणाला होता. लग्नं होऊन जाऊ द्या, असं तिनंच म्हटलं होतं.

सांधा बसला. पेट्रोलची नळी पुन्हा जोडून झाल्यावर भैय्यालालनं इंजिन चालू केलं. चंद्रकांतानं सांध्याभोवती हात फिरवला; कुठूनही फुंकर लागली नाही. धूर जायचा तिथून, मागून, निमूट जात होता. भैय्यालाल म्हणाला, "लेकराईले सांगन मी, काकूनं केलं म्हणून," आणि गाडी घेऊन निघून गेला. मोहाखाली तेलाच्या डागांची चौकट तेवढी राहिली.

मंगला दिवसभर पायरीवर बसून होती. पाच वर्षांची. आता ती येऊन आईच्या काळ्या हातातल्या जुन्या नटांत बोट घालून बघू लागली.

"आई, हे तूनंच खोलले ना?"

"हो."

"तुले येत होतं?"

"हो माय."

मंगलानं नट बोटावर चढवला, उतरवला.

"मंग बाबा होते तवा काहून नाई खोलले?"