बावन्न आणि ब्याण्णव

पिन-यूने नऊ ठोकळ्यांची नक्षी अकरा सेकंदांत लावली, दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

चाचणी घेणाऱ्या त्सेंग बाईंनी घड्याळ थांबवलं. सात वर्षांच्या मुलीला ही नक्षी इतक्या वेगात लावताना त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी याच खोलीत, याच बुद्धिमापन चाचणीत पिन-यूला बावन्न गुण पडले होते. सत्तरच्या खाली गेलं की मंदबुद्धी मुलांचा विशेष वर्ग. तिच्या वडिलांनी, श्याओ चिन-फाने, हातापाया पडून शाळाप्रवेश वर्षभर पुढे ढकलून घेतला होता. आज आकडा ब्याण्णवच्या आसपास जाणार, हे बाईंना बेरजेआधीच दिसत होतं. ब्याण्णव म्हणजे साधा वर्ग, अठ्ठावीस मुलं, एक शिक्षक.

हात पालथे होते म्हणून त्यांच्यावरचे वळ दिसत होते. प्रत्येक वळ म्हणजे दोन समांतर रेघा, मधे पांढरट पट्टा. गरम करून चिकटवायच्या गोंदाच्या कांडीचे वळ असेच उठतात. कांगशानमध्ये ती कांडी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते आणि चिकटवण्यासाठी फार थोडे लोक घेतात, बाकीचे पोरांना मारायला.

"आता शब्दांचे प्रश्न," बाई म्हणाल्या. "बदक आणि–"

"दोन्ही पक्षी."

"छत्री आणि–"

"दोन्ही पावसात."

बाईंनी पुढचा प्रश्न गाळला आणि त्याच्यानंतरचा विचारला. "लाकूड आणि कोळसा?"

"दोन्ही वाद्यं," पिन-यू म्हणाली.

गाळलेल्या प्रश्नाचं ते अचूक उत्तर होतं.

इथेच थांबता आलं असतं. पण पाठांतराच्या खाली काय आहे ते बाईंना पाहायचं होतं. त्यांनी कोऱ्या कागदावर कुठल्याच संचात नसलेली नक्षी काढली आणि स्वतःच ठोकळ्यांनी लावली, एक कोपरा मुद्दाम उलटा ठेवून.

"हे बरोबर आहे का गं?"

पिन-यूने डोळे उघडले. कागद पाहिला, ठोकळे पाहिले. मग बाईंच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि त्यांच्या बोटांवर मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा टोक कातडीत घुसून मोडलं.

"डोकं कुठे गहाण टाकलंस? परत लाव."

त्या दिवसातलं तिचं ते सगळ्यात लांब बोलणं. मग तिने स्वतःच तो कोपऱ्यातला ठोकळा फिरवून नीट बसवला.

बाईंच्या बोटातून रक्त येत होतं. पण त्या ठोकळ्याकडे पाहत राहिल्या. चूक नेमकी कुठे आहे, हे या मुलीला कुणीही न शिकवता कळलं होतं.

दाराच्या काचेतून चिन-फाने सगळं पाहिलं होतं. तो आत आला. पिन-यूचे केस मुठीत धरून त्याने तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. ठोकळे जमिनीवर सांडले. बाई मधे पडल्या तर त्याचं कोपर त्यांच्या तोंडावर बसलं आणि दात ओठात रुतला.

"बाईंवर हात टाकतेस?" तो मुलीवर ओरडला. मग बाईंकडे वळून खालच्या आवाजात म्हणाला, "माफ करा. आता गुण लिहा."

"आधी तिला सोडा."

त्याने केस सोडले. ती जमिनीवर बसली. "ब्याण्णव होतात ना? मी बाहेर मोजत होतो. कारखान्यातून आलो की रोज तिला हेच प्रश्न घालतो आणि मोजतो."

"मग तुमचीच चाचणी घ्यायला हवी होती."

"चेष्टा करा, बाई. माझ्या दादाला त्या वर्गात घातलं होतं. नऊ वर्षं. बाहेर पडला तेव्हा पिशवीत स्क्रू भरता येत होते, बस्स. पोरं त्याच्या डब्यात थुंकायची आणि तो ते खायचा. तिकडे पाठवू हिला?"

बाईंनी ओठाचं रक्त रुमालाने टिपलं. निकालपत्राच्या तळाशी छापलेलं होतं: निकाल ग्राह्य, होय किंवा नाही. त्यांनी 'नाही'भोवती गोल केला. मग खालची गेल्या वर्षीची फाईल ओढली, आपल्याच सहीवरचा 'होय' खोडला आणि तिथेही 'नाही'वर गोल केला.

"हे काय? दोन्ही?"

"दोन्ही. गेल्या वर्षी ती चाळीस मिनिटं टेबलाखाली बसून होती. राहिलेल्या प्रश्नांपुढे मी ओळीने शून्यं भरली आणि सही केली. ज्या आकड्यासाठी तुम्ही तिला वर्षभर मारलंत, तो मी लिहिला होता."

चिन-फाने हात उगारला. कुणावर, ते त्यालाही माहीत नसावं.

पिन-यू जमिनीवरून उठली. कपाळावरचं रक्त भुवईपर्यंत आलं होतं. ती खुर्चीवर चढली, दोन्ही हात टेबलावर पालथे टाकले आणि डोळे मिटले.

तो उगारलेला हात तसाच राहिला. त्याने मुलीकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. तो खाली कसा आणायचा हे त्याला सुचत नसल्यासारखं.

त्सेंग बाईंनी फोन उचलून बाल संरक्षणाचा नंबर फिरवला. दुखापत कुठे आहे, मारलं कुणी, तो अजून तिथेच आहे का, सगळं एकेक करून सांगितलं.

"मुलीला समज किती आहे?" पलीकडून विचारणा झाली.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "अजून कुणी पाहिलेलं नाही."