ऑरव्हिलची घडवंची

माझ्या भाचीचं, डॉरीनचं लग्न ईस्टरनंतर करायचं ठरलं, त्याच हिवाळ्यात ऑरव्हिलने घडवंचीची चाकं काढून टाकली.

ऑरव्हिल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, व्हर्नाचा नवरा. कागदाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने लोखंडी अँगल जोडून घरी बिअर करायला तीन पायऱ्यांची घडवंची बनवली होती. वर गरम पाण्याचं भांडं, मध्ये भिजवलेले जव, खाली जवांचा गोड रस उकळायचं मोठं पातेलं. वरचं आपसूक खाली उतरायचं, म्हणून उचलाउचल नाही. शेगड्या घडवंचीलाच जोडलेल्या, मागे गॅसची टाकी. आणि चाकं होती ती एवढ्यासाठी, की शेगडी पेटवायच्या आधी सगळं ढकलत गॅरेजबाहेर उघड्यावर न्यायचं. उरलेला चोथा मी माझ्या गायींना न्यायचो, त्यामुळे बिअर व्हायच्या दिवशी मी तिथे असायचोच.

त्या वर्षी आमच्याकडे, विस्कॉन्सिनमध्ये, बर्फ लवकर पडलं. चाकं रुतायची, वारा जाळ विझवायचा. पोरीच्या लग्नात विकतची बिअर पाजायची हे ऑरव्हिलला सोसणारं नव्हतं, आणि लग्नाची काळी बिअर थंडीत मुरायला हवी. त्याने चाकं काढली, घडवंची गॅरेजच्या फरशीत बोल्टने आवळली आणि शेगडीभोवती पत्रा लावला.

जानेवारीत मी गेलो तेव्हा शेगडी पेटलेली होती. जाळ निळा नव्हता, पिवळा होता. पातेल्याचं बूड काजळलं होतं.

"दार तरी उघडं ठेव," मी म्हणालो.

"ठेवलंय की. मांजर जाईल एवढं."

"आणि मांजर कुठाय?"

"ते हल्ली आत येत नाही रे, रूबेन," व्हर्ना म्हणाली. "उंबऱ्यावरूनच परत फिरतं."

"मेथडिस्ट पंथाचं असणार ते," ऑरव्हिल म्हणाला. "त्यांच्यात बिअर चालत नाही."

तो हसला, मीही हसलो. मग भिंतीवरचा रिकामा खिळा दिसला. विषारी वायू झाला की ओरडणारा अलार्म तिथे टांगलेला असायचा.

"अलार्म काय झाला?"

"स्वयंपाकघरात, खणात आहे. शेगडी पेटवली की बोंबलतो. वाफेने बिघडलाय."

"वाफेने?"

"तू गायी बघ, रूबेन. गाय बिघडली तर मी येतो का सांगायला?"

चोथ्याच्या बादल्या गाडीत चढवताना व्हर्ना माझ्यामागे आली. डोक्याला रुमाल गच्च बांधला होता तिने.

"परवा उठायला गेला तर गुडघ्यांतून खचला," ती हळूच म्हणाली. "म्हणतो, बिअर चाखली म्हणून. एक घोट घेतला होता फक्त."

"आणि तुझं डोकं?"

"दुखतं थोडं. मी काय ठरवलंय, आता त्याला एकट्याला बसू द्यायचं नाही. स्टूल घेऊन जवळ बसते. दोघं असलो तर एक तरी ओरडेल."

"अगं वेडे, जवळ बसायचं नसतं, दार उघडायचं असतं."

"तू सांगून बघ त्याला. मी सांगितलं तर म्हणतो, दार उघडून थंडीला कशाला बोलावतेस, लग्न तुझ्या पोरीचं आहे की थंडीचं?"

मी परत आत जाऊन सांगितलं. ऑरव्हिलने दार हातभर वर केलं. माझी गाडी रस्त्याला लागली तेव्हा आरशात दिसलं, ते पुन्हा खाली आलं होतं.

जानेवारीतली नुसती चाचणी होती; लग्नाची खरी बिअर फेब्रुवारीत लावली. रात्रभर बर्फ पडलं होतं. मी बादल्या घेऊन पोचलो तर बर्फ काढणारी गाडी नुकतीच गेलेली, आणि तिने घराच्या वाटेच्या तोंडाशी सगळं बर्फ लोटून ठेवलेलं. ऑरव्हिल फावडं घेऊन ते उपसत होता. शेजारचा लायल त्याला चिडवत होता.

"हळू रे नवरीच्या बापा, कंबर मोडली तर नाचशील कसा?"

"तुझ्यापेक्षा बरा नाचेन. ये रूबेन, चोथा काढून ठेवलाय. व्हर्ना बसलीय पातेल्यापाशी."

पहिली उकळी येते तेव्हा कुणीतरी बसावंच लागतं. फेस भसकन वर येतो. तेवढ्यात जाळ कमी केला नाही तर सगळं वाया. व्हर्नाचा त्यात कुणी हात धरणारं नव्हतं. आमच्या लहानपणी घरचं दूध तापवायचं काम तिचंच, आणि ते उतू गेलेलं मला आठवत नाही.

मी बादल्या उतरवत होतो. वाऱ्यावर साखर करपल्याचा वास आला.

ऑरव्हिलचं फावडं थांबलं. "उतू गेलं वाटतं," तो म्हणाला.

"व्हर्ना आहे ना तिथे?"

त्याने फावडं टाकलं. आम्ही दोघं धावलो, पण गुडघाभर बर्फात धावणं ते काय. गॅरेजचं दार पार जमिनीला टेकलेलं होतं. भुरभुर आत येत होती म्हणून ऑरव्हिलनेच लावलं होतं ते.

दार वर गेलं. पातेल्यावरून काळा रस ओघळून फरशीवर पसरला होता. व्हर्ना स्टुलावर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर डाव. लहानपणी गोठलेल्या तळ्यावरून घसरगुंडी खेळून यायची तेव्हा व्हायचे, तसे तिचे गाल गुलाबी होते. मी तिला ओढत बाहेर बर्फात आणलं. लायल फोन करायला धावला. ऑरव्हिल तिच्या तोंडात श्वास भरत राहिला, अँब्युलन्सच्या माणसांनी त्याला बाजूला करेपर्यंत.

डॉरीनचं लग्न पुढे ढकललं, ते ऑगस्टमध्ये झालं. तिथे बिअर ठेवली नव्हती. घडवंची मी कापून भंगारात दिली. बोल्ट मात्र फरशीतून निघाले नाहीत, ते अजून तिथेच आहेत.

माझी बहीण व्हर्ना त्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी वारली.