गाळलेली एकतीस केंद्रं

आकाशाची यादी साफ करणं हे माझं काम. दुर्बीण आकाशाचे फोटो काढते, शेजारशेजारच्या फोटोंच्या कडा एकमेकींवर चढतात आणि एकच तारा यादीत दोनदा येतो. असली खोटी जुळी मी शोधून काढून टाकते. चौदा वर्षांपूर्वी त्यासाठी मी एक नियम लिहिला: दोन ठिपके तीन सेकंदांहून जवळ असले, तर त्यातला मंद ठिपका पुसायचा. हे सेकंद घड्याळातले नव्हेत, कोनाचे. पावणेदोन किलोमीटरवर धरलेल्या नाण्याच्या रुंदीएवढे. नियमाचं फार कौतुक झालं आणि मीही शेफारले.

गेल्या महिन्यात नवा कॅमेरा बसला. त्याची पारख करायला मी ओळखीची जागा निवडली. तिथे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताहेत. यादीत तिथे एकच तेजस्वी केंद्र होतं, फोटोत दोन आली. मी आधी कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या. मग चौदा वर्षांपूर्वीचे कच्चे फोटो उघडले, तर त्यांतल्या प्रत्येकात दोन्ही केंद्रं होती. कडेचा घोळ असता तर एका फोटोत एकच दिसलं असतं.

पुढचे तीन आठवडे मी अशा दोनशे दीर्घिका एकेक करून तपासल्या. एकतीस ठिकाणी मी दुसरं केंद्र पुसलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण काडी तर मीच लावली होती.

याचा अर्थ मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होता. आमच्या बाई, म्हणजे इथल्या सर्वांत ज्येष्ठ संशोधक, तेव्हा म्हणत होत्या की दोन दीर्घिका मिसळल्या की त्यांच्यातला वायू ढवळून मधोमध ओढला जातो. दोघींच्या पोटातल्या प्रचंड कृष्णविवरांना एकदम खाद्य मिळतं. आत पडण्याआधी तो वायू तापून झळाळतो, आणि दोन्ही केंद्रं एकाच वेळी पेटतात. केंद्रं जितकी जवळ, तितक्या अशा पेटलेल्या जोड्या जास्त. माझ्या यादीत मात्र जवळच्या जोड्याच नव्हत्या. बाईंनी आपलं म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं, आणि दोन वर्षांनी नोकरीही सोडली.

आता त्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली होती.

आमचे प्रमुख तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, "नव्या कॅमेऱ्यामुळे जोड्या सापडल्या, एवढंच लिहा. ते खोटंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि बाई?"

"त्यांना आता कशाला त्रास? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

खरं सांगते, मला ते पटलं होतं. दोन दिवस पटलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी गेले.

त्यांच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं आणि खाटेजवळ खुर्ची ठेवली. बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मनगटं काडीसारखी झाली होती, नजर मात्र तीच. मी प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. नियम, पुसलेली केंद्रं, एकतीस.

त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. मी पहिला फोटो उघडला.

"डावीकडचं लालसर आहे," त्या म्हणाल्या. "धुळीत गुरफटलंय. म्हणून मंद."

"हो. म्हणूनच माझ्या नियमात सापडलं."

"पुढचा."

नऊ फोटो झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"बाई, मला माफ..."

"थांब. चुकीच्या माणसाची माफी मागतेयस तू." त्यांना धाप लागली. बहिणीने पाणी दिलं. "माझी एक विद्यार्थिनी होती. ती म्हणायची, यादीवर विसंबू नका, कच्चे फोटो बघू या. रोज भांडायची. मी तिला काय सांगितलं ठाऊक आहे? तुझं नाव घेऊन म्हटलं, ही यादी हिने केलीय, हिच्या हातून चूक होत नाही. विषय सोड म्हटलं. तिने विषय सोडला, मग हे शास्त्रच सोडलं."

मी मान खाली घातली. चौदा वर्षं मी ज्या कौतुकावर जगले, त्याने कुणाचं काय झालं ते मला आज कळत होतं. मला माझीच शिसारी आली.

"आता विमा कंपनीत असते," बाई म्हणाल्या. "फोन लाव. तू सांग."

बहिणीने नंबर दिला. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिकडून धावपळीतला आवाज आला, "हॅलो, कोण?"

मी माझं काम सांगितलं, नियम सांगितला, आकडा सांगितला. चूक यंत्राची नाही, माझी आहे, आणि छापून येईल तेव्हाही तसंच लिहीन, असंही सांगितलं. मी बोलणी खायला तयार होते.

"बाईंना कळलं का?" तिने विचारलं. "त्यांना सांगा ना कुणीतरी. त्या बरोबर होत्या."

मी फोन बाईंच्या तोंडाशी धरला.

"मी नाही गं," त्या म्हणाल्या. "मी सोडून दिलं होतं. तू बरोबर होतीस."