ढळलेला काटकोन

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गुण्या आहे. फळ्यावर त्रिकोण आखायचा, मोठा. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला शंकाच आहे.

तलासरीच्या एका सुताराने तीन सागवानी पट्ट्या जोडून मला घडवले. बोर्डीच्या शाळेत एकनाथसर मला फळ्याला टेकवत आणि म्हणत, "काटकोन म्हणजे काटकोन. जवळपास चालणार नाही." पुढे सर निवृत्त झाले. २०१४ साली फळा गेला, पडदा आला आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. तिथले छप्पर गळके होते. पावसाळ्यामागून पावसाळे मी भिजलो. लाकूड फुगले, सांधा सैल झाला, काटकोन ढळला.

सरांची विद्यार्थिनी नयना चित्रकार झाली होती. भंगारात निघालेल्या मला ती घरी घेऊन गेली. तिचे लाल, पिवळे, निळे त्रिकोण माझ्याच कडेने आखले गेले. मी दमलो होतो. शिवाय प्रत्येक रेघेला मला वाटे, आता हिच्या लक्षात येईल.

लक्षात आले ते २०१८ साली, डहाणूच्या हॉलमध्ये चित्रे टांगल्यावर.

"ताई, भिंत वाकडी की चित्रं?" तिचा भाऊ ललित हसत म्हणाला.

नयनाने मापून पाहिले. "हा गुण्याच ढळलाय. घरी गेल्यावर बंबात घालते," असे म्हणून तिने मला टेबलाखाली सरकवले.

संध्याकाळी काठी टेकत एकनाथसर आले. एका चित्रासमोर चष्मा वर करून म्हणाले, "नयना, हा काटकोन नाही."

"नाही, सर. गुण्या बिघडलाय. तुमचाच आहे."

सर दोन पावले मागे सरकले. बराच वेळ पाहत राहिले. "धाकट्या डहाणूच्या खाडीत ओहोटीला होड्या अशाच कलून बसतात," ते म्हणाले. "राहू देत."

"आणि गुण्या? जाळणार होते त्याला."

"मला दे. सावलीत सुकवतो, पुस्तकांखाली दाबून ठेवतो."

"सरळ होईल?"

सरांची पाठ काठीवर वाकलेलीच होती. "या वयात? मी होतोय का?"

आता मी बोर्डीला सरांच्या पुस्तकांखाली आहे. ओझे आहे, पण जागा कोरडी आहे. अजून कललेलाच आहे.

मित्रांनो, पावसाळ्याआधी शाळेची अडगळीची खोली एकदा उघडून पाहा. दुरुस्ती नाही जमली तरी चालेल. आत जे कोणी असेल, त्याला गळक्या छपराखालून तेवढे बाजूला सरकवा.