राष्ट्राध्यक्षांचा होकार

राष्ट्राध्यक्षपदासाठी इन्सोच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा ती शेजारच्या खोलीत सगळ्यांसाठी किंबापच्या, म्हणजे भाताच्या गुंडाळ्यांच्या, पुड्या मांडत होती. सोलमधल्या सुरक्षा अभ्यासाच्या त्या पदव्युत्तर वर्गात निम्मे लोक नोकरी सांभाळून शिकणारे होते, कुणी पत्रकार, कुणी सरकारी खात्यातला अधिकारी, कुणी फौजेतला. मेंग इन्सो पदवी घेऊन थेट आलेली, वयाने सगळ्यांत धाकटी. म्हणून विद्यार्थी मंडळाची चिटणीसही तीच आणि खाण्यापिण्याचं बघणारीही तीच. याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही कुरकुर केली नव्हती.

"अगं, देशाची प्रमुख झालीस तू," तिचा वर्गमित्र दोग्यॉंग दारातून म्हणाला. "की आता राष्ट्राध्यक्षच वाढणार?"

"वाढूनच येते. नाहीतर तू दोन-दोन उचलशील."

मंडळाचा हा दरवर्षीचा खेळ. शनिवारी सकाळपासून एक बनावट संकट चालवायचं. एका खोलीत दक्षिणेचं सरकार, दुसऱ्या खोलीत उत्तरेचं, आणि मधल्या खोलीत पंच म्हणून प्रोफेसर गुक. खेळात जो उठून दिसेल त्याला सर सिंगापूरच्या स्पर्धेला पाठवत, आणि सिंगापूर करून आलेल्याला संशोधन संस्थेत नोकरी लागते हे सगळ्यांना माहीत होतं. इन्सोला ती जागा हवी होती. तिच्या आईचं गुन्सानला किमचीचं, म्हणजे कोबीच्या लोणच्याचं, दुकान होतं. या सहामाहीत काही ठोस हाती लागलं नाही तर गाशा गुंडाळून घरी यायचं आणि सरकारी कारकुनीच्या परीक्षेला बसायचं, असं आईने निक्षून सांगितलं होतं.

संरक्षणमंत्र्याची चिठ्ठी मेजर प्यॉन यांच्या नावाची निघाली. हे खरेखुरे मेजर, चाळिशी ओलांडलेले, अभ्यासाच्या रजेवर आलेले. सगळा वर्ग त्यांना मेजरदादा म्हणायचा. माणूस सोन्यासारखा. इन्सो पहिल्या सहामाहीत तापाने पडली तेव्हा तिच्या खोलीवर गरम पेज घेऊन हेच आले होते. उत्तरेचं नेतेपद दोग्यॉंगकडे गेलं आणि तो लगेच छाती काढून चालायला लागला.

जेवणापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग सरांनी चिठ्ठी पाठवली. आपली एक मासेमारी होडी इंजिन बंद पडून सागरी सीमेपलीकडे वाहत गेली आहे आणि उत्तरेची गस्तीनौका तिच्याकडे निघाली आहे.

मेजरदादा नकाशावर झुकले. "युद्धनौका पुढे काढावी. इशाऱ्याचे गोळे टाकावेत. बघत बसलो तर होडी गेली, माणसं गेली, आणि उद्या ते आणखी आत येतील." आयुष्यभर ज्याचं लोकांनी ऐकलंय अशा माणसाचा तो आवाज. बाकीचे मंत्री माना हलवत होते. परराष्ट्रमंत्री झालेल्या पत्रकाराने तर पेनाचं टोपण लावून टाकलं.

इन्सोच्या मनात दुसरंच होतं. ओहोटी संपत आली होती. भरतीची ओढ होडीला आपल्याकडेच आणणार होती. उत्तरेला फोन लावायचा आणि तोवर थांबायचं. 'थांबू या' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मेजरदादा बोलत होते, आणि वडीलधारं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालणं तिला या जन्मात जमलेलं नव्हतं. बोलणं संपवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही म्हणता तसं, दादा," ती म्हणाली.

कॉफी येईपर्यंत नकाशावरची दोन बेटं पेटली होती. सरांनी खेळ थांबवला आणि सगळ्यांना एका खोलीत बोलावलं.

"मी तर होडी परत ढकलायलाच नौका पाठवली होती," दोग्यॉंग रडवेल्या सुरात म्हणाला. "यांनी गोळेच टाकले."

"हुकूम कुणाचा?" सरांनी विचारलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मेजरदादा उभे राहिले. "माझा, सर. तिला बोल लावू नका, पोरगी लहान आहे."

इन्सोला हायसं वाटलं. पण ते सरांनी चष्मा काढेपर्यंतच.

"मग राष्ट्राध्यक्ष कुठे होत्या?"

"किंबाप वाढत होत्या," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली. हुकूम माझाच होता, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणजे मेजरदादांना सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. ती मान खाली घालून बसून राहिली. सिंगापूरला दोग्यॉंगचं नाव लागलं.

संध्याकाळी सगळे नेहमीच्या डुकराच्या मांसाच्या हॉटेलात गेले. टेबलाच्या मधोमध शेगडी, आणि चिमटा नेहमीसारखा धाकटीच्या हातात.

"सरांनी सोलून काढलं असतं तुला सगळ्यांसमोर," मेजरदादा पेला पुढे करत म्हणाले. "वाचवलं की नाही?"

इन्सोने दोन्ही हातांनी त्यांच्या पेल्यात सोजूची दारू ओतली. "आभारी आहे, दादा," ती म्हणाली. त्या क्षणी तिला त्यांचा मनापासून राग आला, आणि त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त.

दोग्यॉंगला विजयाचा आनंद धड घेता येत नव्हता. "खरं सांग, तुझ्या मनात काय होतं?"

"थांबायचं. भरती लागणारच होती."

मेजरदादांचा पेला ओठांपाशी राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होतात."

मेजरदादांनी पेला खाली ठेवला. "अगं, आमच्याकडे फौजेत कडक उपाय आधी मांडतात, म्हणजे वरच्याला सौम्य निवडायला जागा राहते. थांबायचा पर्यायही तयार होता माझ्याकडे. 'दुसरं काय?' एवढं विचारायचं होतंस. त्यासाठीच तर तुझ्याकडे बघत होतो."

"मला वाटलं, होकाराची वाट बघताय."

मेजरदादांचा चेहरा पडला होता. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी जेवायच्या काड्या उचलल्या आणि शेगडीवरच्या एका तुकड्याकडे नेल्या.

"थांबा," इन्सो म्हणाली. पुढे दादा लावायचं राहूनच गेलं. "अजून कच्चं आहे."

काड्या तशाच अधांतरी राहिल्या. मग मेजर प्यॉन यांनी हात मागे घेतला, गुडघ्यावर ठेवला, आणि थांबले. तिच्या खिशात फोन थरथरत होता, आईचा असणार. इन्सोने एकेक तुकडा सावकाश उलटला, आणि सगळं टेबल तिच्या चिमट्याकडे बघत बसून राहिलं.