हिरवी टिक आणि रिकामी झिप

लीडरबाईने पुन्हा एकदा झिप फाइल उघडली आणि पुन्हा एकदा तिच्यातून नुसती हवा निघाली.

"अगं, ॲप कुठेय?" क्लबमधल्या चष्मिषने मागून मान घातली.

"माझ्या पोटात! रिकामी आहे, दिसत नाही का?"

लीडरबाई हे कॉम्प्युटर क्लबच्या पोरांनी तिला चिडवायला ठेवलेलं नाव. तिला ते मनापासून आवडायचं, पण तसं दाखवेल तर शपथ! आज शाळेचं विज्ञान प्रदर्शन. कुठला प्रयोग कुठल्या वर्गात, हे सांगणारं क्लबचं ॲप दारातल्या मोठ्या स्क्रीनवर लागायचं होतं. गेटबाहेर पालक जमू लागले होते आणि स्क्रीन काळीठिक्कर.

मागच्या वर्षी कुणीतरी स्वतःच्या लॅपटॉपवरची प्रत आणून लावली. ती निघाली कच्ची. गंमत म्हणून टाकलेली टोपणनावं तशीच राहिली होती आणि मुख्याध्यापिका सगळ्या गावासमोर 'तोफखाना' म्हणून झळकल्या. कॉम्प्युटरचे सर क्लबच बंद करणार होते. लीडरबाईने भांडभांड भांडून तो वाचवला, तो एका शब्दावर: यापुढे कुणाच्या लॅपटॉपवरून काहीही लागणार नाही. कोड एका जागी जमा होईल, दूरचं मशीन तो तपासून ॲप तयार करेल, झिप करून ठेवेल आणि स्क्रीनचा कॉम्प्युटर तीच झिप उतरवून घेईल. या साखळीला पाइपलाइन म्हणतात, हे तिने सरांना इतकं ऐकवलं होतं की सर तिला लांबून बघूनच वाट बदलायचे.

आज मात्र ते समोर येऊन उभे राहिले. "झालं का? नाहीतर लाव बाई लॅपटॉपवरचं."

"नाही सर!"

"मग ॲप लागलं नाही, तर उद्यापासून क्लबला कुलूप."

तिने दादाला फोन लावला. दादाचं पोटच या कामावर चालायचं.

"दादा, मशीनने प्रत्येक कामापुढे 'झालं' म्हणून टिक दिलीय, सगळ्या हिरव्यागार आहेत रे! तरी झिप रिकामी!"

"टिकांचं काय लोणचं घालतेस? लॉग वाचलास?"

"वाचतेय."

"म्हणजे वाचला नाहीस. ठेव फोन."

तिने दात-ओठ खात लॉग, म्हणजे मशीनने लिहून ठेवलेली कामाची नोंद, उघडला. मधेच एक पिवळी ओळ लाजत उभी होती: सांगितलेल्या फोल्डरमध्ये एकही फाइल सापडली नाही. सापडली नाही, तरी पुढे हिरवी टिक! काहीच न करता शाबासकी!

ती गर्रकन वळली. "फोल्डरला हात लावलास?"

"हात कसला... जरा आवरलं," चष्मिष पुटपुटला. "'आउटपुट' किती बोअर नाव! 'तयार माल' केलं."

"आणि झिप करणाऱ्याला कोण सांगणार? तो बिचारा अजून जुन्या दारावर टकटक करतोय!"

तिने नवं नाव घातलं. सोबत आणखी एक ओळ: काहीच सापडलं नाही तर लाल हो.

"आत्ता कशाला? आधी चालू तरी होऊ दे!"

"खोटी शाबासकी मला नको."

मशीनने ॲप बांधलं आणि टिक लालभडक झाली. चष्मिषने डोक्याला हात लावला. लीडरबाईने मात्र टाळी वाजवली. "निदान खरं तरी बोललं! बोल, अजून काय आवरलंस?"

"ते फोल्डर... दुसऱ्या फोल्डरात ठेवलं. छान दिसत होतं."

"तुला ना..." तिने पुढचं गिळलं, पूर्ण पत्ता घातला आणि नखं खात बसली. बाहेर गेट करकरलं. टिक हिरवी झाली. तिचा आता हिरव्यावर काडीचा विश्वास नव्हता. आधी झिप उतरवली, उघडली. आत ॲप होतं! अख्खं!

स्क्रीन उजळली. टोपणनाव एकही नव्हतं. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, दोनदा. "कुलपाचं राहू दे आता," एवढंच म्हणाले आणि पालकांकडे वळले.

पहिले आजोबा थेट तिच्याकडे आले. "बाळ, माझ्या नातीचा ज्वालामुखी कुठेय गं?"

"आजोबा, तिथे स्क्रीनवर लिहिलंय बघा."

"हो गं, दिसतंय. पण तू सांग ना."